गोव्यात घरी टीव्ही रेकॉर्ड करायचा तर नेटवर्क ट्यूनर कोणता घ्यावा?

नेटवर्क ट्यूनर म्हणजे पडदा नसलेला टीव्ही. एका बाजूने त्यात सिग्नलची केबल जाते, दुसऱ्या बाजूने राउटरकडे जाणारी वायर निघते. मग घरातला मोबाइल, लॅपटॉप किंवा टीव्ही, कशावरही चॅनेल बघता येते, आणि कोपऱ्यात चालू ठेवलेला छोटा कॉम्प्युटर ठरल्या वेळी कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतो. हे सगळे खरे, पण खरेदीची सुरुवात खोक्यापासून करू नका. आधी आपल्या छपरावर आकाशातून नेमके काय येते ते बघा.

इंटरनेटवर शोधले की पहिले नाव येते एचडीहोमरनचे. वस्तू उत्तम, पण गोव्यात निरुपयोगी. त्याचे अमेरिकी मॉडेल एटीएससी नावाच्या प्रणालीसाठी आहे आणि ती प्रणाली भारतात वापरतच नाहीत. युरोपी मॉडेल डीव्हीबी-टी२, म्हणजे साध्या छपरी अँटेनावर येणारे डिजिटल प्रक्षेपण पकडते. दूरदर्शनने २०१६ साली ते प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केले, त्यात पणजी नव्हते. आणि जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ सगळे बंद झाले, म्हणून छपरावरच्या काड्यांच्या अँटेनाला आता कावळ्याच्या बैठकीपलीकडे काम उरलेले नाही. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर बसणारे टीव्ही हॅट नावाचे कार्डही याच कारणाने बाद, तेही फक्त अँटेनाचेच. उरला केबलवाल्याचा सिग्नल. तो डीव्हीबी-सी असतो आणि सांकेतिक केलेला असतो, केबलवाल्याच्या बॉक्सशिवाय उलगडत नाही.

मग फुकट आणि उघडे काय आहे? डीडी फ्री डिश. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. मासिक भाडे नाही. डीडी गोवा, डीडी सह्याद्री आणि दूरदर्शनची बाकी चॅनेल तिथे आहेत. म्हणून गोव्यात घ्यायचा ट्यूनर डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ असा दोन्ही प्रकारचा, म्हणजे डिशचा हवा. एक बरे आहे, हे मानक जगभर सारखेच आहे. इंग्लंडात किंवा जर्मनीत राहणारा भाचा सुट्टीत येताना डिशचा ट्यूनर घेऊन आला तर तो इथे बिनतक्रार चालेल. त्याने अँटेनाचा आणला तर शोकेसमध्ये ठेवा.

ट्यूनर किती हवेत

इथे बहुतेक जण जास्तीचे पैसे घालवतात. "एका वेळी चार चॅनेल रेकॉर्ड करायची म्हणजे चार ट्यूनर" हा हिशेब चुकीचा आहे. एक ट्यूनर एक चॅनेल पकडत नाही, एक ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, पकडतो, आणि एका ट्रान्सपाँडरवर डझनभर चॅनेल एकत्र बांधून आलेली असतात. उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभ्या लहरींचा), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५०० हा फ्री डिशचा जुना ट्रान्सपाँडर घ्या. क्यूपीएसके (माहिती लहरींवर बसवायची पद्धत) आणि ३/४ एफईसी (चारातला एक भाग चुका दुरुस्त करायला राखलेला) धरले तर त्यातून सेकंदाला सुमारे ४०.८ मेगाबिट माहिती येते. साध्या एसडी चॅनेलला साडेतीन-चार मेगाबिट लागतात. म्हणजे दहा-बारा चॅनेल एकाच गठ्ठ्यात आली, आणि सॉफ्टवेअर धड असेल तर ती सगळीच्या सगळी एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात.

म्हणून कागद घ्या. घरात खरोखर जी सहा-सात चॅनेल लागतात ती लिहा. फ्री डिशच्या बॉक्सवर ते चॅनेल लावून रिमोटचे इन्फो बटण दाबले की बहुतेक बॉक्स फ्रिक्वेन्सी दाखवतात. प्रत्येकापुढे ती, सिम्बॉल रेट आणि व्हर्टिकल की हॉरिझॉन्टल (आडव्या लहरींचा) तेही लिहा. सात चॅनेल तीन फ्रिक्वेन्सींवर आली तर तीन ट्यूनर पुष्कळ झाले, दोनांतही बहुधा भागते. साध्या घराला आमची शिफारस दोनची. एक रेकॉर्डिंगला, एक बघायला. आठ ट्यूनरचे कार्ड घेणे म्हणजे चौघांच्या घरात लग्नाचे टोप मांडणे.

कुठल्या जातीचा घ्यावा

पहिली जात सॅट-आयपी खोक्यांची. हे मानक २०१२ मध्ये आले. खोके स्वतःच डिशची केबल घेते आणि नेटवर्कवर चॅनेल सोडते. त्यात रेकॉर्डिंग होतेच असे नाही, त्यासाठी वेगळा कॉम्प्युटर किंवा नॅस (नेटवर्कवर जोडलेला हार्ड डिस्कचा डबा) लागतो. वीज कमी खाते, ड्रायव्हरची कटकट नाही. पण भारतातल्या दुकानांत सहसा मिळत नाही. बाहेरून मागवले तर कस्टम ड्युटी पडते आणि बिघडले तर दुरुस्तीला कुणी नसते.

दुसरी जात, घरातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बसवायचे पीसीआय एक्सप्रेस कार्ड, आणि त्यावर लिनक्स ही विंडोजसारखी प्रणाली व टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचे फुकट सॉफ्टवेअर. टीबीएस कंपनीचे ६९०३ हे दोन ट्यूनरचे आणि ६९०५ हे चार ट्यूनरचे कार्ड या कामाला बरेच वापरतात. असा कॉम्प्युटर हाच तुमचा नेटवर्क ट्यूनर होतो. लिनक्सला घाबरत नसाल तर हाच पर्याय घ्या. एक खोच मात्र आहे. या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याबाहेर वेगळा बांधावा लागतो. एखाद्या रात्री सिस्टीम आपोआप अपडेट झाली, कर्नेल, म्हणजे हा गाभा, बदलला, की सकाळी कार्ड गायब. म्हणून या मशीनवर कर्नेलचे आपोआप अपडेट बंद ठेवा आणि वर्षातून एकदा बसून हाताने करा.

यूएसबी ट्यूनर स्वस्त दिसतो, पण डिशच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट पुरवावे लागतात. ते यूएसबीच्या पाच व्होल्टांतून धड निघत नाहीत. सोबत वेगळा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर येत नसेल तर तो यूएसबी ट्यूनर घेऊ नका.

तिसरी जात लिनक्सवर चालणाऱ्या, एनिग्मा२ या सॉफ्टवेअरच्या रिसीव्हरची. टीव्हीला जोडायचा बॉक्सही तोच, रेकॉर्डरही तोच आणि नेटवर्कवर चॅनेल देणाराही तोच. घरात कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवायचा नसेल त्यांनी हा बघावा.

आणि सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे साधा फ्री टू एअर, म्हणजे फुकट चॅनेलचा बॉक्स, ज्याला यूएसबी पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येते. नेटवर्क नाही, पण आजीला रोजची एकच मालिका हवी असेल तर इथेच थांबा, पुढचे वाचायची गरज नाही. टीव्हीतच डिशचा ट्यूनर असेल तर त्याच्या यूएसबी रेकॉर्डिंगवर मात्र विसंबू नका. बहुतेक टीव्ही ते रेकॉर्डिंग त्या टीव्हीपुरतेच कुलूपबंद करतात. टीव्ही बिघडला की सगळे गेले.

डिश कुठे लावायची

गोव्यातून जीसॅट-१५ आग्नेयेला आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंश, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. पेडण्यापासून काणकोणपर्यंत या आकड्यांत एका अंशाचाही मोठा फरक पडत नाही. मोबाइलचे होकायंत्र पुरते, पण ते लोखंडी ग्रिलजवळ धरू नका. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले की एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने जवळजवळ ५० अंश फिरवलेला हवा. हे फिरवणे राहून गेल्यामुळेच "स्ट्रेंथ ९०, क्वालिटी ३०" असा प्रकार होतो. स्ट्रेंथ म्हणजे नुसता आवाज, क्वालिटी म्हणजे शब्द कळणे. बघायची ती क्वालिटी.

नेहमीची ऑफसेट (एलएनबी मध्यावर नसून खाली असलेली) डिश मुळातच पंचवीसेक अंश वर बघत असते. म्हणून ६१ अंशांवर लावलेली डिशही डोळ्यांना त्यापेक्षा बरीच खाली झुकलेली दिसते. डोळ्यांवर न जाता मागच्या कोनपट्टीवर जा.

इतक्या उंच कोनामुळे सत्तरी-सांगेत डोंगर आडवा येत नाही. माड येतो. डिशपेक्षा १५ मीटर उंच माड आग्नेयेला असेल तर हिशेबाने तो साडेआठ मीटरपेक्षा लांब हवा. झावळ्यांचा पसारा धरला तर १३-१४ मीटर. वारा नसताना चित्र स्वच्छ आणि वारा सुटला की चौकोन पडतात, असे होत असेल तर डिश हलवत बसू नका, वर बघा.

जागा ठरवायची एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या मध्याला सकाळी ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, आणि सप्टेंबरच्या अखेरीस पावणेअकरा-अकराला, सूर्य गोव्यातून बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी जिथे ऊन पडले आहे तिथे वाटेत झाड नाही. याच दिवसांत रोज काही मिनिटे सिग्नल जातो, तो बिघाड नव्हे. सूर्याच्या स्वतःच्या लहरींत उपग्रहाचा आवाज बुडतो. तेव्हा ते चार-सहा दिवस अकराच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगला खाच पडणार हे धरून चाला.

पावसाळ्याचे काय? केयू बँडचा, म्हणजे या डिशवर येणाऱ्या लहरींचा सिग्नल जाड पावसात अडतो, आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. साठ सेंटिमीटरच्या डिशऐवजी नव्वदची लावली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. मुसळधार सर येतेच, पण चित्र जाते ते कमी वेळ. चवथीच्या दिवसांतल्या आरत्या-भजनांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे असतील तर ट्यूनरवर जास्त पैसे घालण्याआधी डिशवर घाला. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची सवय मात्र सोडा. पिशवीवर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि पाऊस थांबल्यावरही सिग्नल परत येत नाही.

केबल आणि स्प्लिटर

डिशपासून आरजी-६ केबल घ्या, तीस मीटरच्या आत ठेवा. एफ-कनेक्टर पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा हवा. घराबाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा. खारी हवा तांब्याच्या तारेला हिरवी करते, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर क्वालिटी दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते ती इथेच. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वेटोळे द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, भिंतीत जाणार नाही.

एलएनबीवर ९७५०/१०६०० छापलेले असावे. जुन्या डीटीएच कनेक्शनची डिश वापरायला हरकत नाही, पण तिचा एलएनबी वेगळ्या आकड्याचा असू शकतो. दोन-चार ट्यूनरना वेगवेगळी केबल द्यायची तर क्वाड एलएनबी घ्या. क्वाट्रो नव्हे. नाव सारखे वाटते, पण क्वाट्रोची प्रत्येक तोटी एका ठरावीक पट्ट्यालाच बांधलेली असते.

तुमच्या कागदावरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींपुढे व्हर्टिकलच लिहिलेले असेल आणि त्या ११७०० च्या खाली असतील, तर काम आणखी स्वस्त होते. सगळ्या ट्यूनरना एकच १३ व्होल्टचा पट्टा लागतो, म्हणून एका केबलवर साधा स्प्लिटर चालतो. पण तो ५ ते २४०० मेगाहर्ट्झचा हवा. केबलवाल्याकडून मिळणारा ५ ते १००० चा स्प्लिटर लावला की सिग्नल शून्य होतो. ११०९० मधून एलएनबीचे ९७५० वजा केले की केबलमधून १३४० येतात, आणि तेवढे त्या स्प्लिटरला पेलत नाहीत. अर्धा दिवस डिश हलवण्यात घालवल्यावर ही गोष्ट लक्षात येणे फार सामान्य आहे.

स्प्लिटरची एकच तोटी बहुधा वीज वर जाऊ देते. तिच्यावर रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर जोडा, टीव्हीचा बॉक्स नव्हे. नाहीतर रात्री झोपताना कोणी सवयीने बॉक्सचा स्विच बंद करतो, एलएनबीची वीज जाते, आणि साडेअकराचे रेकॉर्डिंग काळ्या पडद्याचे निघते.

घरातले नेटवर्क

ट्यूनर ते राउटर वायरनेच जोडा. सॅट-आयपी खोके बहुधा यूडीपीवर चॅनेल पाठवते. वाटेत हरवलेले तुकडे ते परत पाठवत नाही, आणि चिऱ्याच्या दीड फुटी भिंतींतून वायफाय जाताना तुकडे हरवतातच. टीव्हीहेडएंड वापरत असाल तर ट्यूनर आणि डिस्क एकाच मशीनमध्ये असल्याने रेकॉर्डिंग तरी वायफायपासून सुटते. त्यापुढे मोबाइलवर बघायला वायफाय चालेल.

डिस्कचा हिशेब असा. चार मेगाबिटचे चॅनेल तासाला १.८ जीबी घेते. एक टीबीमध्ये साडेपाचशे तास. रेकॉर्ड करतानाच आकार लहान करायचा मोह टाळा. जसे येते तसे टीएस फाइलमध्ये ठेवा, जपून ठेवायचे तेवढेच नंतर निवांत बदला.

टीव्हीहेडएंड मांडताना

ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि पुढे ९९८१ हा पोर्ट टाका. कॉन्फिगरेशनमधल्या डीव्हीबी इनपुट्समध्ये आधी डीव्हीबी-एस प्रकारचे नेटवर्क तयार करा. सोबत येणारी तयार ट्रान्सपाँडरची यादी जुनी असू शकते, त्यापेक्षा कागदावरच्या फ्रिक्वेन्सी हाताने भरा. इथे बहुतेकांची गाडी अडते. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये आणि सिम्बॉल रेट पूर्ण आकड्यात लागतो. ११०९० नव्हे, ११०९००००. २९५०० नव्हे, २९५०००००. शून्य कमी पडले तर चूक दाखवत नाही, नुसते "स्कॅन फेल" म्हणते. एफईसी ऑटोवर ठेवा. मग टीव्ही ॲडॅप्टर्समध्ये ट्यूनरला ते नेटवर्क द्या, एलएनबी युनिव्हर्सल निवडा, आणि स्कॅन होऊ द्या. त्याच उपग्रहावर पैसे घेणाऱ्या सेवांचेही ट्रान्सपाँडर आहेत. त्यांची नावे यादीत आली तरी ती सांकेतिक असतात, रेकॉर्ड होत नाहीत. "मॅप सर्व्हिसेस" करताना सांकेतिक सेवा वगळायची खूण करा.

कार्यक्रमांचे वेळापत्रक उपग्रहावरून नीट येईल यावर विसंबू नका. घड्याळाचा टायमर लावा, आधी ५ मिनिटे आणि नंतर १५ मिनिटे जास्त धरून. थेट सामना असेल तर नंतरचा एक तास धरा.

सगळ्यांत जास्त रेकॉर्डिंग बुडतात ती लाईट गेल्यामुळे, आणि त्यातही लाईट परत आल्यावर. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. ती बंद असेल तर कॉम्प्युटर तुम्ही घरी येईपर्यंत झोपलेला असतो. रास्पबेरी पाय ४ वापरत असाल तर त्यात बॅटरीवरचे घड्याळ नाही. लाईट आली, पाय सुरू झाला, पण फायबरचा राउटर उशिरा उठला, तर पाय शेवटची माहीत असलेली वेळच धरून बसतो. आठचे रेकॉर्डिंग मग नऊला सुरू होते, आणि तुम्ही डिशला दोष देता. उपाय दोन: पायला बॅटरीवरचे छोटे घड्याळ जोडा, आणि यूपीएसवर कॉम्प्युटरच्या सोबत राउटर व फायबरचा मोडेमही लावा. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की डिशची केबल ट्यूनरपासून सोडवून ठेवा. यूपीएस फक्त विजेच्या तारेकडून वाचवतो. डिशच्या केबलने येणारा झटका थेट ट्यूनरच्या तोंडात जातो.